हरेश्वरकाकांना ओळखू न आलेला स्किपर

हरेश्वरकाकांकडे चहाला गेलात तर बिस्किटांचा डबा स्वतः उघडू नका. मी उघडला होता. आत केळीच्या पानावर, पांढऱ्या लोकरीत गुंडाळल्यासारखी बोटाएवढी अळी वळवळत होती. माझ्या हातून कप सुटला. काकांनी फुटक्या कपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अळी दचकली का, तेवढंच पाहिलं.

गिरीज गावात आमच्या शेजारीच त्यांची केळीची वाडी. बाकीचे केळी पिकवतात, काका केळीवर स्किपर जातीची फुलपाखरं पोसतात. जाडजूड अंगाचं, मातकट रंगाचं हे ध्यान बघून कुणी 'पतंग' म्हणालं की त्याची धडगत नाही. "मिशीचं टोक बघ, आकड्यागत वळलंय. पतंग कोन म्हनतो याला?" मग वर्गवारी सुरू: पंख मिटून बसणारे, सपाट पसरून बसणारे, अर्धवट उघडून बसणारे. नातेवाइकांचा फोन आला की तब्येत राहिली बाजूला, तुमच्याकडे यांतले कुठले आढळतात ते आधी सांगा. नुसती भरारी बघून काका जात सांगतात, आणि चुकत नाहीत.

त्यांच्या मुलीच्या, सुमेधाच्या लग्नात मात्र त्यांनी हद्द केली. ते आठवलं की मी आजही हबकतो. वऱ्हाड मांडवाच्या दारात उभं, आणि काकांना दाराला बांधलेल्या केळीच्या खांबावर गुंडाळलेलं पान दिसलं. आत कोष. त्यांनी खांबच सोडवला, खांद्यावर टाकला आणि वाडीकडे चालू लागले. दाराची कमान थेट व्याह्यांच्या फेट्यावर आली. लग्न कसंबसं लागलं, पण सावंतवाडीला सासरी गेलेल्या सुमेधाने बापाशी बोलणंच टाकलं.

परवा चष्मा सापडत नव्हता म्हणून काकांनी मला हाक मारली आणि मोबाइल पुढे केला. सुमेधाचा फोटो आला होता. केळीच्या पानावर बसलेलं लाल डोळ्यांचं फुलपाखरू, खाली एवढंच: 'हे कोणतं?' काकांनी उत्तर सांगितलं, "लिही, ओळखू येत नाही. दुसऱ्या बाजूनं काढून पाठव."

मी चाटच पडलो. वर सरकवून पाहतो तर तेच फुलपाखरू डावीकडून, उजवीकडून, पानाखालून. आणि प्रत्येकाखाली काकांचं तेच उत्तर. जी पोर या अळ्या तळहातावर घेऊन वाढली तिने हे विचारावं, आणि यांना ते ओळखू येऊ नये?

"काका, हे तर रोज संध्याकाळी आपल्या वाडीत असतं," मी म्हणालो.

काकांनी मोबाइल माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"नाव सांगून टाकलं, तर परत कशाला पाठवील ती?"