घनस्वरूप अप्रिय बाब

समाज सुसंस्कृत आहे की नाही, हे तो काय टाकतो यावरून नव्हे, टाकलेल्याला काय म्हणतो यावरून ठरते. या कसोटीवर आमच्या कर्जतच्या सोसायटीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

आमच्या सेक्रेटरी सुचेताताई चहा सांडला, लाइट गेली, लिफ्ट अडकली की 'शिट!' म्हणतात. त्यांची तीन वर्षांची सानवी परवा खेळणं पडल्यावर तेच म्हणाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (उच्चाराचं कौतुक करायला मीच पुढे होतो. मी इंग्रजीचा शिक्षक आहे.)

मग ड्रेनेजचा चेंबर तुंबला. सभा भरली. तळमजल्यावर माझ्याबरोबर राहणारी माझी आई, अंबाबाई, उठली आणि आमच्या न्हाणीत काय आलंय ते तिने एका शब्दात, मराठीत सांगितलं.

सुचेताताईंनी सानवीचे कान झाकले. "शिट! काय बोलतात या!"

मी आईच्या वतीने माफी मागितली. तो शब्द इतिवृत्तातून वगळावा आणि योग्य शब्द शोधायला उपसमिती नेमावी, असा ठराव मांडला. अध्यक्ष अर्थात मीच. 'शिट'च घ्या, अशी सूचना आली. पण तो उद्गार आहे, त्याला वास नसतो, या कारणास्तव मी ती फेटाळली. बऱ्याच चर्चेअंती 'घनस्वरूप अप्रिय बाब' मंजूर झाली. तोवर ती बाब आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली होती.

मी चेंबर उपसणाऱ्या खालापूरच्या टँकरवाल्या विलासला फोन लावला.

"काय भरलंय, सर?"

मी मंजूर शब्द वाचून दाखवला.

"केमिकल हाय का? ते आमी नाय उचलत. रसायनीच्या कंपन्यांत इचारा."

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, विग्रहासह.

"विष्णू, आण रं तो फोन इकडं," खाटेवर पाय वर घेऊन बसलेली आई म्हणाली. तिने फोनमध्ये एकच शब्द उच्चारला.

"आलोच, आजी!" विलास म्हणाला. आणि आला.

चेंबर मोकळा झाला. सोसायटीने उपसमितीचे आभार मानले आणि आईला असभ्य भाषेबद्दल समज देणारी नोटीस काढली. मसुदा माझाच. नेऊनही मीच दिली. आईने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"कंचा शब्द ते लिवलंच नाय हितं."

"सभ्य माणसं लिहीत नाहीत, आई."

"मंग वाचनाऱ्याला कळायचं कसं?"

मीही तो इथे कुठे लिहिलेला नाही. तरी आपलं कुठे अडलं नाही. म्हणजे आपण तो मनातल्या मनात, आणि तोही मराठीत, म्हणालात. कृपया पत्ता कळवावा. नोटीस तयार आहे.