घोट्याएवढा समुद्र

सलग अठराव्या दिवशी समुद्राने काहीही केलं नाही, आणि ही बातमी इंचकाकांना सकाळी सहा चोवीसला जाहीर करायची होती.

काम तसं सोपं होतं. साडेपाचला किनाऱ्यावर जायचं, पँट दुमडून पाण्यात उभं राहायचं, लाटा पायावर कुठवर येतात ते दहा मिनिटं पाहायचं आणि सर्फिंग शाळेच्या मागच्या खोलीतल्या यंत्रात ते बोलून ठेवायचं. मग दिवसभरात कोणीही त्या नंबरावर फोन केला की काकांचा आवाज सांगायचा: लाटा किती, वारा कुठून, पाणी गार की कोमट. मोजमाप अंगावरचं होतं: घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, कंबर. पण काकांची एकतीस वर्षं बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीची कोष्टकं लिहिण्यात गेली होती. ‘गुडघ्याएवढ्या’ म्हणजे नक्की कोणाच्या गुडघ्याएवढ्या, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी त्यांनी टेप घेऊन स्वतःचाच पाय मोजला. घोटा चार इंच, गुडघा एकोणीस. तेव्हापासून ते इंचही सांगू लागले, आणि किनाऱ्यावरच्या मंडळींनी त्यांचं खरं नाव विसरून टाकलं.

यंत्रावर एक छोटी पट्टी होती. तिच्यावर तांबड्या आकड्यांत दिवसाचे फोन दिसायचे, आणि प्रत्येक फोनपुढे त्याची वेळ व तो कुठवर ऐकला गेला तेही. लाटा चांगल्या असताना दोनशे-सव्वादोनशे फोन येत. समुद्र निपचित पडल्यापासून आकडा सेहेचाळीस झाला, मग एकोणीस, मग सात. बाकीचे लोक ‘घोट्याएवढ्या’ हा शब्द कानावर पडताच फोन ठेवत. गेले नऊ दिवस आकडा एकावर येऊन थांबला होता. वेळ : सहा चाळीस. ऐकलं : पूर्ण.

"एक फोन, काका. एक!" शाळेचा मालक म्हणाला. तो काकांच्या जुन्या मित्राचा मुलगा. सर्फिंगच्या फळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि तो त्यांच्यावर पाय टाकून मोबाइलवर पत्ते खेळत होता. "तोही कुणी चुकून लावत असेल."

"चूक रोज बरोबर सहा चाळीसला होत नाही, बाळ."

"बरं, चूक नाही. पण महिनाअखेर लाइन बंद करतोय मी. हल्ली सगळे मोबाइलवरच बघतात. तुम्ही या की असेच. बसायला, चहा प्यायला."

काकांना बसायला जागेची टंचाई नव्हती. घरी तीन खुर्च्या होत्या, त्यातल्या दोन कित्येक महिन्यांत कोणी सरकवल्याही नव्हत्या. मुलगा दर रविवारी फोन करायचा, "जेवलात ना?" विचारायचा, आणि "हो" ऐकलं की त्याचं समाधान व्हायचं. काकांना शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते सहा चाळीसला फोन करायचं.

त्या माणसाची मूर्ती काकांनी मनात हळूहळू घडवली. समुद्रापासून लांबच्या गावात राहणारा, चाळिशीचा, कुठल्याशा कचेरीत चिकटलेला. फळी कपाटावर ठेवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. रोज ऑफिसला जाण्याआधी आशेने फोन लावतो बिचारा, आणि रोज त्याला काय ऐकू येतं? घोटा. काकांना त्याची दया येऊ लागली. एकोणिसाव्या दिवशी रिपोर्ट संपवताना ते म्हणाले, "निराश होऊ नका. समुद्र आहे तिथेच आहे." पट्टीवर आलं : पूर्ण. विसाव्या दिवशी त्यांनी जोडलं, "सकाळी वारा झोंबतो, अंगात काहीतरी घालून बाहेर पडा." पूर्ण. एकविसाव्या दिवशी एका कुत्र्याने खेकड्याशी घेतलेल्या पंग्याची हकिकत त्यांनी चाळीस सेकंदांत सांगितली. तीही पूर्ण.

बाविसाव्या दिवशी, मंगळवारी, ‘घोट्याएवढ्या’ हा शब्द काकांना उच्चारवेना. एखाद्याला बावीस दिवस एकच नकार द्यायचा तरी कसा? "पोटरीएवढ्या," ते म्हणाले. "साधारण नऊ इंच." लाटा पाच इंच होत्या. एकतीस वर्षांत एका इंचाचाही फेरफार न केलेल्या माणसाने चार इंच एकदम वाढवले होते. दुपारपर्यंत त्यांचे कान गरम होते.

पण एकदा समुद्र चढवला की त्याला शिस्तीत चढवावं लागतं. उद्या पुन्हा घोट्यावर आणला, तर तो बिचारा संधी हुकली म्हणून हळहळत बसेल. शिवाय कोष्टकं लिहिलेल्या माणसाला माहीत असतं की पाणी असं मध्येच विचार बदलत नाही. म्हणून बुधवारी गुडघा. काका दुपारपर्यंत किनाऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले. फळी घेतलेला अनोळखी माणूस काही आला नाही. ‘गुडघ्यासाठी रजा मिळत नसेल,’ असा विचार करून त्यांनी गुरुवारी मांडी दिली. तरी कोणी नाही. शुक्रवारी त्यांनी मन घट्ट केलं.

"कमरेएवढ्या. अडतीस इंच. उद्याही टिकतील असं दिसतं."

शनिवारी साडेपाचला काका किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा तिथे पंधरा गाड्या उभ्या होत्या. टपावर फळ्या. गाड्यांपुढे जवळजवळ चाळीस माणसं ओळीने उभी राहून समुद्राकडे बघत होती. समुद्र बशीत ओतलेल्या चहासारखा होता. एकाने फळी पाण्यात टाकली आणि तिच्यावर उभा राहिला. फळी हलली नाही. बसची वाट बघत असल्यासारखा तो तसाच थोडा वेळ उभा होता, मग उतरला.

काकांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी रोजचं काम केलं. पँट दुमडली आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. चाळीस माणसांच्या साक्षीने एक लाट आली, काकांच्या घोट्याला लागली आणि ओशाळून परत गेली.

"काका," मागून कोणीतरी विचारलं, "ही कंबर कोणाची हो?"

"माझ्या पोरीच्या बाहुलीची असेल!"

"मी तीन तास गाडी चालवून आलोय!"

एवढ्यात मालक धावत आला. तो स्वतः कधीच लाइन ऐकत नसे. "काल दिवसभरात चौसष्ट फोन आलेत, काका! आणि तुम्ही सांगितलंत काय, तर कंबर? डोळ्यांना काही झालंय का तुमच्या?"

"डोळे ठीक आहेत."

"मग हे सगळे आले कसे? परवापर्यंत तर ऐकणारा एकच होता!"

"आम्ही नंतर ऐकलं," ओळीतला एकजण म्हणाला. "माझा मित्र लॉजवर उतरलाय. त्याने मॅनेजरला विचारलं, चादरी का बदलत नाही. मॅनेजर म्हणाला, समुद्र चढलाय, चादरी मिळणार नाहीत. मग मित्राने मला कळवलं, मी ह्या सगळ्यांना."

"त्याने खिडकीबाहेर नाही का बघितलं?"

"त्याची खोली पार्किंगच्या बाजूला आहे."

"पण समुद्राचा आणि चादरींचा संबंध काय?" मालक ओरडला.

संबंध स्वतःच चालत येत होता. कमरेवर ओल्या चादरींचं घमेलं घेतलेल्या एक बाई वाळूतून ताडताड पावलं टाकत आल्या. पन्नाशी उलटलेल्या, बाह्या कोपरापर्यंत वर, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली.

"फोनवर बोलतात ते कोण?"

चाळीस बोटं एकदम एका दिशेला वळली.

बाईंनी समुद्राकडे पाहिलं. मग काकांच्या पायांकडे. "ही कंबर?"

काकांनी पँटची आणखी एक घडी वर दुमडली.

"मागच्या गल्लीत लाँड्री आहे माझी. लॉजच्या चादरी धुते. मध्ये त्या लॉजची तीन मजल्यांची भिंत, मला समुद्राचं तोंडही दिसत नाही. लाटा गुडघ्यापर्यंत आल्या की खारे तुषार वाऱ्यावर उडून थेट माझ्या दोऱ्यांवर येतात, आणि चादरी अशा कडक होतात की भिंतीला टेकवून उभ्या कराव्यात. म्हणून रोज तुम्हाला विचारून मग कपडे बाहेर घालते. तीन दिवस साठ चादरी घरात टाकल्यात मी! स्वयंपाकघरात, जिन्यावर, माझ्या पलंगावर. मी खुर्चीत झोपतेय! कुबट वास येतो म्हणून लॉजने सगळ्या परत पाठवल्या. आणि दोऱ्यांवर तर तुषाराचा एक थेंब नाही, म्हणून बघायला आले. आणि हा बघा समुद्र. ह्यात माझा रुमालही भिजायचा नाही!"

काकांनी बाकीचं ऐकलंच नव्हतं. "तुम्ही… सहा चाळीसला?"

"तेव्हा पहिलं मशीन थांबतं."

"आणि पूर्ण ऐकता?"

"मग काय अर्धं ऐकून साठ चादरी बाहेर घालू?"

लांबच्या गावातला तो कचेरीतला माणूस, त्याचं कपाट आणि कपाटावरची फळी, सगळं काकांच्या डोळ्यांदेखत पाण्यात विरघळलं. "म्हणजे तुम्हाला लाटा लहानच हव्या होत्या?"

"वर्षात असं सुख लाभलं नव्हतं! तीन आठवडे कसे फुलासारखे कपडे वाळत होते. आणि तुमचं रोज आपलं ‘निराश होऊ नका’. मला वाटलं, ह्यांच्या घरी कोणी गेलं की काय."

"नाही," काका म्हणाले. "म्हणजे, अलीकडे नाही."

बाईंनी घमेलं कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतलं. आवाज थोडा खाली आला. "मग खोटं कशाला सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटत असेल म्हणून."

"मला?"

"मला वाटलं, तुम्ही फळीवाले आहात."

चाळीस जण खो-खो हसले. बाई हसल्या नाहीत. "सगळ्या चादरी पुन्हा धुवायला लागणार," एवढंच बोलून त्या आल्या वाटेने परत गेल्या.

गाड्याही गेल्या. मालक खालच्या आवाजात म्हणाला, "काका, तीस तारखेला लाइन बंद. तोवर मोजा, सांगा आणि थांबा. एक शब्द जास्तीचा नको."

रविवारी काकांनी सांगितलं, "घोट्याएवढ्या. पाच इंच." आणि पट्टीसमोर बसून राहिले. सहा चाळीस झाले. सहा पन्नास झाले. पट्टीवर शून्य होतं. काकांनी यंत्राची वायर काढून परत लावली. शून्यच. त्या संध्याकाळी मुलाने विचारलं, "जेवलात ना?" काका "हो" म्हणाले. जेवले नव्हते.

सोमवारीही शून्य. मंगळवारी एक फोन आला, सहा चाळीसला. ऐकलं : नऊ सेकंद. नऊ सेकंदांत घोटा येतो आणि इंच येतात, वारा येत नाही. बुधवारी वीस सेकंद. वारा आला. काका काटेकोरपणे, जीव मुठीत धरून, अर्ध्या इंचापर्यंत खरं सांगत राहिले. विश्वास त्यांच्याच मापाने, इंचाइंचाने चढत होता. एकोणतीस तारखेला पट्टीवर आलं : पूर्ण.

तीस तारखेला काकांना समुद्र दिसण्याआधी ऐकू आला. ते पाण्यात उतरले तशी पहिल्याच लाटेने दुमडलेली पँट भिजवली, दुसरीने पट्टा. टेप काढायची गरज नव्हती, तरी त्यांनी काढली. अडतीस इंच. वारा समुद्राकडून, थेट लॉजच्या दिशेने.

ओल्या कपड्यांनी ते यंत्रापुढे बसले. ह्या बातमीवर आता कोण विश्वास ठेवणार? आणि जिने ठेवायला हवा, तिला ती नको होती. काकांनी घसा साफ केला. "कमरेएवढ्या. अडतीस इंच. वारा समुद्राकडून." मग मालकाची ताकीद मोडून त्यांनी एक शब्द जास्तीचा घातला. "खरंच."

सहा चाळीसला आकडा एक झाला. पूर्ण. दुसरा फोन आला नाही.

काका उठले आणि पावलागणिक पाणी गाळत मागच्या गल्लीत गेले. कोपऱ्यावर क्षणभर थांबले. पुढे बघायचं धैर्य होत नव्हतं. मग त्यांनी मान पुढे काढली. गल्लीभर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्या सगळ्या रिकाम्या होत्या. फक्त चिमटे वाऱ्यावर डोलत होते.

दारातून आतलं दिसत होतं. बाई एक डबल चादर एकटीने दोरीवर चढवण्याच्या खटपटीत होत्या. एक टोक हातात, दुसरं हनुवटीखाली दाबलेलं.

"पँट ओली आहे तुमची," हनुवटी न हलवता त्या म्हणाल्या.

"हो."

"कुठवर?"

"कमरेपर्यंत."

"दिसतंय. उंबऱ्यात टपकू नका, आत या. हे टोक धरा."

"मला सगळे काका म्हणतात," टोक धरत काका म्हणाले.

"म्हणू देत. मी काही तुमची पुतणी लागत नाही. जरा वर धरा."

साडेदहाला मालक धापा टाकत दारात आला. "काका! अहो, तुम्हाला सगळीकडे शोधतोय! वर्षातल्या सगळ्यात मोठ्या लाटा आल्यात आणि पाण्यात एक माणूस नाही! सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "सहा चोवीसला."

"कोणाला?"

मध्ये चादर ताणलेली होती, त्यामुळे बोलणारं माणूस मालकाला दिसलं नाही.

"मला," पलीकडून आवाज आला. "आणि तुम्ही टोक सोडू नका."