दगूमामाचा वॉचमन

घोटीजवळ आमच्या दगूमामाचा पोल्ट्री फार्म आहे. तिथे पाहुण्याचं स्वागत चहाने होत नाही, घमेल्याने होतं. फाटकातच पोटॅशच्या जांभळ्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं असतं आणि त्यात दोन्ही पाय बुडवल्याशिवाय मामा कुणाला ओळखही दाखवत नाही. मी सख्खा भाचा, सातपूरहून मोटारसायकल हाणत आलेला, पण आधी गाडीच्या चाकांवर औषधाचा फवारा बसतो, मग माझे पाय घमेल्यात जातात आणि त्यानंतर मामा विचारतो, "कसा हायेस?"

एकदा मामाच्या वैशूला बघायला पाहुणे आले. घमेलं पाहून मुलाचे वडील अगदी सुखावले. पाय धुवायचा मान हल्ली देतो कोण? ओट्यावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि आता कुणीतरी पंचा घेऊन येईल म्हणून ऐटीत बराच वेळ तसेच बसून राहिले. पाय बाहेर निघाले ते तपकिरी! लग्न अर्थातच जमलं नाही. आम्ही सगळे हळहळलो, मामा मात्र त्या दिवशी पोटभर जेवला.

मामाचा वैरी एकच, गंबोरो. हा कोंबड्यांचा रोग, विषाणूमुळे होणारा. लग्नाच्या पंगतीत तुम्ही मामाच्या शेजारी बसलात तर तुमच्या हातात लाडू असतानाच तो सुरू करणार, "कोंबडीच्या शेपटाखाली आत एक बारकी पिशवी असती. तिथं तिचा वॉचमन राहतो. गंबोरोत मरायची ती मरतात, पण जी उरतात ना, त्यांचा वॉचमन गेलेला असतो. मग दार उघडं. येईल तो आत!"

हे तो अनुभवाने बोलतो. एका वर्षी फार्मवर गंबोरो आला. थोडी पिल्लं गेली, बाकीची उठून दाणे टिपायला लागली. मामाने पेढे वाटले. मग आली साधी सर्दी. धडधाकट कोंबडी जी शिंकून टाकते, त्या सर्दीने अर्धी शेड निजवली. गंबोरोनंतर दिलेल्या लसीही लागू पडल्या नव्हत्या, कारण लस ओळखणारा आत कुणी उरलाच नव्हता. तेव्हापासून मामाला सगळीकडे झोपलेले वॉचमन दिसतात. शेजारी चिडचिड करतो? वॉचमन झोपला. माझं प्रमोशन हुकलं तर त्याने माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाला, "लय अशक्त हाय तुझा."

शेडमध्ये पाऊल टाकलं की मात्र हाच माणूस कुजबुजायला लागतो. पिल्लू घाबरलं तरी त्याची ताकद जाते, असं त्याचं म्हणणं. वाऱ्याने शेडचे पडदे सावकाश फुगतात, खाली अंथरलेल्या भाताच्या तुसाचा कोरडा, गोडसर वास येतो आणि पिल्लांची चिवचिव ऐकता ऐकता तिची एकच गुणगुण होते. मी दाण्याच्या पोत्याला टेकतो आणि माझे डोळे मिटतात. स्वप्नातही सगळं पिवळंच असतं. मध्येच जाग येते तर मामा त्या पिवळ्या ढगातून अनवाणी, पिल्लू पायाखाली येऊ नये म्हणून पाय न उचलता, नुसता सरकत चाललेला. मला अजून स्वप्नच चालू आहे असं वाटतं. कामावर परत जाऊच नये, असंही वाटतं.

गेल्या वेळी मात्र डुलकी काढायला गेलो नव्हतो. वैशूने बोलावलं होतं. वैशू मामाची एकुलती एक. ती चौथीत असताना मामी गेली, आणि त्यानंतर मामाने तिला एकदाही मुक्कामाला कुठे पाठवलं नाही. शाळेची सहल नाही की मावशीचं घर नाही. यंदा तिला मुंबईत नर्सिंगला प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी हजर झाली नसती तर जागा गेली असती, आणि मामा हो म्हणेना की नाही म्हणेना.

मी पोचलो तेव्हा बाप-लेक पिल्लांना गंबोरोची लस पाजत होते. पिल्लं आधी तहानलेली ठेवायची, मग पाण्यात लस, दुधाची पावडर आणि निळा रंग मिसळून पुढे ठेवायचं. जे प्यायलं त्याची जीभ निळी. मामा एकेक पिल्लू उचलून चोच उघडून बघत होता.

विषय कसा काढावा कळेना, म्हणून मी विचारलं, "मामा, ही लस पहिल्याच दिवशी का देत नाहीस?"

"नाय चालत. आई अंड्यातच पिल्लाला रोगाशी लढायची शिदोरी बांधून देती. ती हाय तवर लस दिली तर शिदोरीच लशीला मारून टाकती. अन् ती संपल्यावर उशीर केला तर रोग आधी पोचतो. मधला दिवस गाठावा लागतो."

"तो कसा कळतो?"

"पिल्लांचं रक्त तपासतात, त्यावरून सांगतात." मामाने हातातलं पिल्लू अलगद खाली सोडलं. वैशूकडे न बघता तो म्हणाला, "हिची आई गेली तवा ही एवढीशी. तिनं काय बांधून दिलं, कुठवर पुरंल, मी कुणाला विचारू? म्हणून ठेवली झाकून."

मी समजवायला गेलेला माणूस, लशीच्या पाण्यात दुधाची पावडर ढवळायला लागलो.

वैशूने हातातला जग खाली ठेवला. "आप्पा, चौथीपास्नं माझा डबा कोण भरतंय? पहिल्या वर्षी तर भाकरी काळीच असायची. एक दिवस तरी डबा तसाच परत आला का? मग आईचंच कशाला मोजता?"

मामाने दुसरं पिल्लू उचललं. त्याची जीभ केव्हाच निळी झाली होती, तरी तो चोच उघडून कितीतरी वेळ बघत राहिला.

"मुंबईची सकाळची गाडी कितीला हाय रे?" त्याने मला विचारलं.

मी वेळ सांगितली.

"मग भाकरी लवकर थापाव्या लागतील," मामा म्हणाला.