मुकुंदराव हरवायला जातात

आमच्या शेजारचे मुकुंदराव भोरच्या बाजारात कोथिंबीर आणायला निघाले तरी पिशवीत नायलॉनची दोरी, मेण लावलेल्या आगकाड्या आणि गुळाचा खडा घेऊन निघतात. "दोरी जवळ असली की माणूस जगतो," असं त्यांचं म्हणणं. भाजीबाजारात दोरीवाचून कुणाचा जीव गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण मी वाद घालत नाही.

हे खूळ निवृत्तीनंतरचं. कचेरीत फायलींमध्ये जन्म काढलेला हा माणूस आता दुपारभर टीव्हीसमोर बसून एकाच जातीचे सिनेमे बघतो. एक कुटुंब, एक जंगल, मध्येच बंद पडलेली गाडी नाहीतर विमान, आणि मग कंदमुळं खाऊन दिवस काढणं. पडद्यावरची गोरी माणसं हिंदीत बोलतात आणि मुकुंदराव त्यांना मराठीत सूचना देतात. "अहो बाई, ओली लाकडं कशाला उचलता!"

"यांना अजून गॅस पेटवता येत नाही," नलूकाकू स्वयंपाकघरातून म्हणतात. "अस्वल आलं तर त्याला अर्ज करायला सांगतील."

मलाही त्या सिनेमांचं नवल वाटतं. महिनाभर रानात राहून कुणाचं पोट बिघडत नाही, बाईचे केस कायम विंचरलेले, कुत्रा शेवटपर्यंत गुटगुटीत. एकदा मी हे बोलून दाखवलं.

"मुद्दा तो नाही," मुकुंदराव म्हणाले. "इंटरव्हलनंतर बापलेक एकमेकांशी बोलायला लागतात. प्रत्येक सिनेमात. तपासून बघा."

त्यांचा नितीन सरकारी नोकरीची परीक्षा न देता पुण्याच्या कंपनीत गेला, तेव्हापासून बापलेकांत अबोला. रविवारी घरी येतो, पण सगळा कारभार नलूकाकूंमार्फत. "आई, पंखा बंद करू का विचार बाबांना." "नलू, राहू दे म्हणावं त्याला." दोघं बसलेले असतात त्याच पंख्याखाली! आणि आता नितीनची बदली व्हायची होती बंगळुरूला. मुकुंदरावांच्या हातात एवढा उन्हाळाच उरला होता.

म्हणून त्यांनी सहकुटुंब हरवायचं ठरवलं. गाडी माझी, त्यामुळे मलाही हरवणं भाग होतं. "पानशेत नको. तिथं हरवलेला माणूस भज्यांच्या टपरीवर सापडतो," असं म्हणून त्यांनी गाडी पासलीकडं घ्यायला लावली. वाटेत जागोजागी 'निसर्गाच्या कुशीत प्लॉट' असे फलक. सगळ्या रानाचे तुकडे पाडून विकायला ठेवलेले. हरवायचं तरी कुठं माणसानं?

पासलीच्या अलीकडं त्यांनी सगळ्यांचे मोबाईल गाडीत कोंडले आणि आम्हाला उतारावरून खाली नेलं. "आपण हरवलो," त्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात डोक्यावरच्या रस्त्यानं एसटी गेली. त्यांनी तिच्याकडं साफ दुर्लक्ष केलं.

"आता निवारा!" समोर एका खाचरात वाळक्या फांद्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. "बघा, निसर्ग कसा भरभरून देतो." त्यांनी फांद्या ओढल्या, दोरीनं बांधल्या. नितीन हाताची घडी घालून लांब उभा. झोपडी कशीबशी तिरकी उभी राहिली आणि बांधावरून एक आजी ओरडत आल्या.

"अवं, काय चालवलंय ह्ये? माजा समदा राब इस्कटला की!"

राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, फांद्या, पाला रचून वर माती पसरतात आणि पावसाआधी जाळतात तो. निसर्गानं काही दिलं नव्हतं, आजींनी डोक्यावरून आणलं होतं.

"आजी, आम्ही हरवलोय," मुकुंदराव म्हणाले.

"हरावलाय? ह्यो काय वर रस्ता! केस पांडरं झालं, उलीशी अक्कल न्हाई व्हय?"

मुकुंदराव मान खाली घालून उभे राहिले. साहेबासमोर उभे राहत असतील तसे. मला फार वाईट वाटलं. तोच नितीन पुढं झाला.

"आजी, त्यांना बोलू नका. फांद्या मी ओढल्या."

पठ्ठ्यानं काडीला हात लावला नव्हता.

"मंग लाव पयल्यासारका. आन् तुमी समदी काय बगताय? लागा की!"

आम्ही लागलो. आजी सांगतील तसा शेणाचा थर, फांद्या, पाला. एका मोठ्या फांदीचं एक टोक बापाकडं, एक लेकाकडं.

"बाबा, वाकू नका तुम्ही. कंबर धरेल."

नलूकाकूंच्या हातातला पाला हातातच राहिला.

"नाही धरत," मुकुंदराव म्हणाले. मग फांदी खाली टेकवत, "बंगळुरूला एवढं ऊन असतं का रे?"

"नसतं. या की तुम्ही."

मी उगीच माती पसरत राहिलो.

राब पुन्हा रचून झाला. आजींचं समाधान झालं, त्या प्यायला पाणी आणायला घराकडं वळल्या. नितीन हात झटकून गाडीकडं निघाला. मुकुंदरावांनी इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातल्या चार-पाच फांद्या हळूच उपसून बाजूला टाकल्या आणि हाक मारली, "नितीन, इकडं ये रे. हा कोपरा परत लावावा लागणार."

मी धावत जाऊन आजींना वाटेत गाठलं आणि त्यांच्या म्हशीची चौकशी सुरू केली.