विहीणबाईंच्या गिनीपिगचं दुखणं

विहीणबाईंच्या गिनीपिगच्या डोळ्यांतून दुधासारखं पांढरं पाणी आलं, आणि बार्नाबाशला जन्मभर हवा होता तो रोगी एकदाचा मिळाला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून हा माणूस रोग्याच्या शोधात होता. शेजाऱ्यांचे गुडघे तपासून झाले, पोस्टमनचा मणका दाबून झाला. आता लोक त्याला बघून पलीकडच्या फुटपाथवर जात. पिंजऱ्यातल्या गोंबोत्सला तेवढी सोय नव्हती.

"डोळे आलेत याचे," बार्नाबाशनं चष्मा कपाळावर चढवून निदान केलं.

"अहो, तोंड धुतोय तो." त्याच्या बायकोचं, पिरोश्काचं, म्हणणं खोटं नव्हतं. गोंबोत्स ते पांढरं पाणी पुढच्या पायांवर घेऊन गालाला चोळत होता. "बघा की नीट. तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे."

"तू डॉक्टर आहेस का?"

"मग तुम्ही आहात?"

या प्रश्नाला त्या घरात लग्नापासून उत्तर मिळालेलं नव्हतं.

पिरोश्काचा जीव मात्र टांगणीला लागला होता. गोंबोत्स म्हणजे विहीण ओतिलियाबाईंच्या नवऱ्याचा लाडोबा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवरा गेला, आणि बाई दिवसभर या प्राण्याशीच बोलू लागल्या. गुडघे दुखतात म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची वेळ आली तेव्हा पिंजरा पिरोश्काच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "यांची एवढीच आठवण उरलीय हो. दुःखानं खंगलाय बिचारा. बघा, जमतंय का तुम्हाला."

'जमतंय का' म्हणे! पिरोश्कानं तीन पोरं वाढवली होती. आणि हे विचारणारी बाई कोण, तर पोरांच्या लग्नात माशांच्या सूपमध्ये शेवया घालणारी! माशांच्या सूपमध्ये शेवया म्हणजे पाप मानणाऱ्या आख्ख्या सेगेद शहराच्या नाकावर टिच्चून! आता हा गिनीपिग दगावला, तर नातवंडांच्या बाप्तिस्म्यापासून स्वतःच्या मयतापर्यंत पिरोश्काला त्यावरून ऐकून घ्यावं लागणार होतं. म्हणून तो जगायलाच हवा होता.

बार्नाबाशनं कॅमोमाइलच्या फुलांचा काढा करून गोंबोत्सचे डोळे धुतले. डोळ्यांबरोबर डोकं, मान आणि पोटही धुतलं गेलं. भिजला म्हणून केस वाळवायचं यंत्र लावलं. त्या घरघराटानं बिचारा गवतात जागच्या जागी उड्या मारायला लागला.

"झटके! झटके येताहेत!" बार्नाबाश ओरडला आणि धावत जाऊन पालिंकाची बाटली घेऊन आला. ती दारू अर्थात त्यानं स्वतःच घेतली. डॉक्टरचा हात थरथरता कामा नये म्हणे.

दुसऱ्या दिवशी गोंबोत्सनं उड्या मारणं सोडाच, चालणंही सोडलं. कोपऱ्यात अंग चोरून बसला. केस राठ झाले, हलवलं तर मागचा पाय ओढायला लागला आणि समोरच्या गवताला तोंड लावीना. पिरोश्का पिंजऱ्याशी वाकली. "अहो, याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ या ना."

"कशाला? अशक्तपणा आहे. अगं, मिरचीत जीवनसत्त्वं असतात हे सेगेदमध्ये शेंबड्या पोराला कळतं!" असं म्हणत त्यानं फळीवरची बरणी काढली. त्याच्या स्वतःच्या बागेतली मिरची. व्हरांड्यात माळा करून वाळवलेली, गिरणीत समोर उभं राहून दळून घेतलेली. हिच्याहून लाल पूड जगात नाही, असं तो सांगत असे, आणि कुणी विचारलेलं नसतानाच सांगत असे. ती पूड त्यानं गवतावर सढळ हातानं भुरभुरली.

गोंबोत्स शिंकला. मग शिंकतच राहिला.

"न्यूमोनिया!" बार्नाबाशचा आवाज जवळजवळ आनंदी होता. न्यूमोनियावर त्याच्या आईचा एक उपाय होता, हंसाची चरबी. ती छातीला चोळायची. गिनीपिगची छाती नेमकी कुठे संपते हे ठाऊक नसल्यामुळे त्यानं शेपटीच्या जागेपर्यंत चोळली. गिनीपिगला शेपूट नसते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. चरबीला पूड चिकटली. उचलताना मुकं जनावर असं कळवळून ओरडलं, की पिरोश्कानं पिंजरा उचलला, अंगावर कोट चढवला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही यायचं असेल तर तोंड बंद ठेवून या."

दवाखान्यातल्या डॉ. हायनल तरुण होत्या. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं, आत वाकून वास घेतला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"याला आजारपणासाठी आणलंय, की मसाला लावून मुरत ठेवलंय?"

पिरोश्काला धरणी दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. बार्नाबाशनं घसा खाकरला. "माझ्या मते डोळे आले, त्यातून झटके, आणि त्यातून न्यूमोनिया..."

"डोळे ठीक आहेत. पांढरं पाणी गिनीपिगना येतंच, त्यानं ते तोंड धुतात. शिंका तुमच्या पुडीच्या." डॉक्टरांनी गोंबोत्सचा ओठ वर केला. हिरड्यांतून रक्त येत होतं. मागचे सांधे सुजलेले. "हे खरं दुखणं. स्कर्व्ही. आपल्यासारखंच यांच्याही अंगात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, रोज खायला घालावं लागतं."

"पण पूड तर मी..."

"वाळवून, दळून, बरणीत ठेवलेल्या पुडीत ते फारसं उरत नाही, साहेब. ताजी ढोबळी मिरची हवी, कच्ची. ज्या सेगेदमध्ये शास्त्रज्ञांनी मिरचीतून व्हिटॅमिन सी काढलं, तिथे गिनीपिगला स्कर्व्ही! बाजारात मिरच्यांचे ढीग लागलेत, आणि हा समोर बसून मरतोय."

बार्नाबाशनं कपाळावरचा चष्मा काढून खिशात घातला.

"हे आमच्याकडे झालं का हो?" पिरोश्कानं भीतभीत विचारलं. "येऊन जेमतेम आठवडा झालाय."

"छे. एवढं व्हायला बरेच आठवडे लागतात. आधीच्या घरापासून असणार."

आधीच्या घरापासून! पिरोश्काला त्या दवाखान्यात नाचावंसं वाटलं. पिचकारीनं औषधाचे थेंब पाजताना, मऊ लापशी भरवताना, मिरचीचे तुकडे करताना ती रोज एकच वाक्य घोकत होती: 'विहीणबाई, उपाशी तुम्ही ठेवलात, जगवला आम्ही.' मिरच्या खाऊन गोंबोत्स पाय टेकू लागला. मग धावू लागला. भाजीच्या पिशवीची खसफस ऐकली की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेऊ लागला.

झऱ्यांवरून ओतिलियाबाई थेट त्यांच्याकडे आल्या. नखशिखांत काळ्या कपड्यांत, काखेत बुटांचा रिकामा खोका, आत पांढरा रुमाल अंथरलेला.

"सांगून टाका," दारातच त्या म्हणाल्या. "कधी गेला? मी सोसेन. मला ठाऊक होतं, यांच्यामागे तो फार दिवस काढायचा नाही. माझ्या डोळ्यांदेखत नको, म्हणून तर तुमच्याकडे ठेवला."

आतून शिट्टी ऐकू आली. बाईंच्या काखेतून खोका खाली पडला.

गोंबोत्स तुकतुकीत अंगानं पिंजऱ्यात गिरक्या घेत होता. बार्नाबाश पुढे सरसावला. "स्कर्व्ही होती. मी ताबडतोब ओळखलं. मिरची मिळाली नव्हती, बाकी काही नाही."

"मिरची?" ओतिलियाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे याला दुःख झालंच नव्हतं?" त्यांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "अहो, मी याच्या पिंजऱ्याशी बसून रडले! जेवण जाईना मला. म्हटलं, घरात आणखी एक जीव आहे, जो यांना विसरला नाही. आणि हा मिरचीसाठी रडत होता?"

घोकलेलं वाक्य पिरोश्काच्या अगदी जिभेवर होतं. तिनं ते गिळलं आणि स्वतःवरच चिडली.

"वैद्यकीयदृष्ट्या पाहता..." बार्नाबाशनं सुरुवात केली. पिरोश्कानं त्याच्या पायावर पाय दिला.

"मिरची कोण द्यायचं त्याला, विहीणबाई?"

"आमचे हेच. सकाळी पाव आणि बेकनबरोबर स्वतः खायचे, अर्धी याला. मला कुठे सुचणार ते?"

"मग त्यांचीच वाट बघत असणार की तो," पिरोश्का म्हणाली, आणि पिवळ्या मिरचीची एक फाक त्यांच्या हातात ठेवली. "तुम्ही देऊन बघा."

ओतिलियाबाईंनी डोळे पुसले आणि हात आत घातला. गोंबोत्सनं हात हुंगलासुद्धा नाही. फाक ओढली, कराकरा संपवली, आणि बोटाला चिकटलेलं बी तेवढं चाटून घेतलं.

बाईंनी ओलं बोट काळ्या कपड्यांना पुसलं.

"कुणाचाही हात चालतो मेल्याला," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या फाकेसाठी पिरोश्कापुढे हात केला.