नियम चौदावा : शेवटचा हात

उड्डाण मंडळाचं एकुलतं एक विमान गुरुवारी सकाळी मैदानाच्या कडेला, नेहमीच्या जागी उभं होतं. दोघं बसतील एवढं, पांढरं, पोटावर निळा पट्टा. वाऱ्याने उलटू नयेत म्हणून अशी विमानं जमिनीत पुरलेल्या कड्यांना तीन दोऱ्यांनी बांधून ठेवतात. दोन पंखांच्या दोन आणि शेपटाची एक. शेपटाची दोरी बांधलेली होती. उजव्या पंखाची बांधलेली होती. डाव्या पंखाची गवतात पडली होती. बाकी सर्व ठीक होतं.

मंडळाचे सभासद एकोणीस आणि विमान सगळ्यांचं, म्हणजे ते कोणाचंच नव्हतं हे ओघानं आलं. चार वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच्या दाराची कडी मोडली आणि कोणी कबूल होईना. तेव्हा अध्यक्षांनी नियमावलीत चौदावा नियम घातला. अध्यक्षांची हयात कोर्टात अर्ज लिहिण्यात गेली होती, त्यामुळे नियम भक्कम झाला: 'विमानात दोष आढळल्यास, ज्या सभासदाचा हात विमानास शेवटचा लागला असेल तो, व असा हात न सापडल्यास ज्याच्या दृष्टीस सदर दोष प्रथम पडला असेल तो, जबाबदार समजण्यात येईल. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यास उड्डाणास मनाई राहील.' चौकशीला तीन महिने लागत. घाई केली तर चार.

नियमाचा गुण लगेच आला. त्या दिवसापासून दोष-नोंदवहीत एकही नोंद झाली नाही. काच तडकली, चाकातली हवा गेली, आसनाचा पट्टा उंदरांनी कुरतडला. पण दिसलं कोणालाच नाही. वरच्या महासंघाने खूश होऊन 'निर्दोष मंडळ' असं मानपत्र पाठवलं आणि ते कार्यालयात टांगलं गेलं. सभासद विमानाला हात लावेनासे झाले. औषधविक्रेते दार उघडायला मेव्हण्याला घेऊन येऊ लागले, कारण मेव्हणा सभासद नव्हता. अध्यक्षांनी ताबडतोब पोटनियम काढला: चौदा-अ, नातेवाइकाचा हात तो सभासदाचाच हात. मग दोघा सभासदांनी एक लांब काठी आणली, तिच्या टोकाला उशी बांधली आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं विमान ढकलायला सुरुवात केली.

बुधवारी शेवटचं उड्डाण दंतवैद्यांनी केलं. उतरल्यावर त्यांनी दोन दोऱ्या बांधल्या. तिसरी बांधताना डाव्या पंखाला दोरीसाठी बसवलेलं कडं त्यांना जरासं सैल वाटलं. सैल कड्याला गाठ मारायची म्हणजे आपण होऊन फासात मान द्यायची. त्यांनी दोरी हलकेच गवतात ठेवली आणि मागे वळून न पाहता घर गाठलं.

भूगोलाच्या बाई गुरुवारी शाळा सुटल्यावर आल्या त्या रविवारची आपली पाळी वहीत तपासायला. रविवारी दहा वाजता त्यांना एकटीने उड्डाण करायचं होतं: मैदानापासून नदीच्या वळणापर्यंत आणि परत. तेवढं झालं की परवाना. सोमवारी बाईंना साठ पुरी होणार होती आणि नियम सहावा सांगत होता की साठीनंतर नवा परवाना नाही. म्हणजे हा रविवार गेला की गेलाच. ते वळण बाईंनी एकतीस वर्षं फळ्यावर काढलं होतं आणि चार-पाच हजार मुलांकडून वहीत काढून घेतलं होतं. ते खरोखर तसं आहे का, हे एकदा वरून बघायचं एवढीच त्यांची इच्छा होती.

दोरी त्यांना दिसली. गाठ कशी मारायची हा मंडळातला पहिला धडा, आणि तो बाई झोपेतही म्हणून दाखवतील. काम अर्ध्या मिनिटाचं. त्या दहा पावलं पुढे गेल्या, हात पुढे केला, आणि चौदावा नियम आठवून तो परत पदराखाली घेतला. मग त्या कार्यालयात गेल्या. चिटणीस अर्जांचे छापील नमुने मोजत बसले होते.

"चिटणीससाहेब, मी काही पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"उत्तम."

"पण समजा, एखाद्याला एखादी दोरी सुटलेली दिसली तर?"

चिटणीसांनी पेनाला टोपण लावलं. "कोणाला दिसली?"

"कोणालाच नाही. समजा म्हटलं मी."

"समजासाठी नमुना 'क' आहे. वर नाव, खाली सही. नाव लिहिलं की तो माणूस प्रथम निरीक्षक. मग तीन महिने जमिनीवर. तुमची पाळी कधी आहे?"

"रविवारी."

"मग तुम्ही काही समजूच नका ना, बाई." चिटणीस उठले आणि विमानाकडच्या खिडकीचा पडदा त्यांनी ओढून घेतला. "ऊन फार येतं हो इथे." बाहेर आभाळ भरलेलं होतं.

मिस्त्री मागच्या शेडमध्ये पाने-पकडी पुसत बसला होता. बाईंना पाहताच त्याने हात वर केला. "थांबा. आधी सांगा, तक्रार आहे का गप्पा?"

"गप्पाच."

"मग विमान सोडून कशाच्याही मारा. मागच्या वर्षी मी नुसतं तोंडी सांगितलं, ब्रेकचं तेल गळतंय. मिस्त्री झालो तरी सभासद ना मी! प्रथम निरीक्षक म्हणून तीन महिने मला शेडबाहेर बसवलं. तेल गळतच होतं. तेव्हापासून कानाला खडा."

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "मग बांधून का नाही आलीस?"

"शेवटचा हात माझा ठरला असता."

"ठरू दे की. बांधल्यामुळे काय बिघडणार होतं?"

"कडं सैल असेल तर? तुम्हाला नियम कळत नाहीत."

"नाही कळत बाबा. वाऱ्याला कळतात का?" यजमान चपला शोधू लागले. "मी जाऊन बांधतो. मी कुठे तुमचा सभासद आहे?"

"चौदा-अ. नवऱ्याचा हात तो बायकोचाच हात," बाई म्हणाल्या. यजमानांनी चपला परत कोपऱ्यात ठेवल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण हे त्यांना कोणी लेखी कळवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी हवामान कार्यालयातून फोन आला: सहानंतर सोसाट्याचा वारा, उघड्यावरची विमानं नीट बांधून घ्या. चिटणीसांनी निरोपाची आवक क्रमांक टाकून नोंद केली आणि अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांनी पाच वाजता तातडीची सभा बोलावली. अकरा सभासद आले. फाटकापासून कार्यालयापर्यंतची वाट विमानाला खेटून जाते. त्या दिवशी अकराही जणांना वाटेच्या दुसऱ्या बाजूच्या कुंपणात विलक्षण गोडी वाटली.

"कोणी विमान पाहिलं आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

कोणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे ते सुटलेलं आहे असं म्हणायला काही आधार नाही."

दंतवैद्य उभे राहिले. त्यांनी ठराव मांडला: 'मंडळाचे विमान तिन्ही दोऱ्यांनी घट्ट बांधलेले आहे, असे ही सभा मानते.' औषधविक्रेत्यांनी अनुमोदन दिलं. 'घट्ट' ऐवजी 'सुरक्षितपणे' असावं अशी एक दुरुस्ती आली आणि तिच्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. तेवढ्यात पडदा दोनदा फुगून आत आला. चिटणीसांनी उठून त्याच्यावर खुर्ची ठेवली.

मत घेतलं गेलं. दहा हात वर झाले आणि दहाही जण बाईंकडे बघू लागले. बाईंना दोरी आठवली. मग रविवार आठवला. त्यांनी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर होत असतानाच बाहेर आधी पत्र्यासारखा आणि मग लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. खोलीत वर झालेल्या हातांपैकी एक हात तासाभरापूर्वी खाली वाकला असता तरी पुरे होतं.

"वारा दिसतोय," अध्यक्ष म्हणाले. सभा मागच्या दाराने पांगली.

शनिवारी गवत कापणारा आला. त्याने पडद्यामागून काचेवर टकटक केलं. "साहेब, विमान असं उलटं का ठेवलंय?"

चिटणीसांचा जीव भांड्यात पडला. "तुम्हाला दिसलं? नाव सांगा."

अडचण एकच होती, गवतवाला सभासद नव्हता आणि नियम फक्त सभासदांना लागू होता. अध्यक्षांनी खास अधिकारात त्याला तिथल्या तिथे मानद सभासदत्व बहाल केलं, नमुना 'क' वर त्याचा अंगठा घेतला आणि तीन महिने विमान उडवायला सक्त मनाई केली. "बरं," गवतवाला म्हणाला आणि गवत कापायला गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे संन्याशाला आधी चोरांच्या टोळीचं सदस्यत्वही देण्यात आलं.

रविवारी दहा वाजता बाई आल्या. चिटणीसांनी वही पुढे केली. "पाळी तुमचीच आहे. मंडळाने रद्द केलेली नाही. सही करा."

"आणि विमान?"

"त्याबाबत चौकशी चालू आहे."

बाईंनी सही केली नाही. त्या बाहेर गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी विमानाकडे धड पाहिलं. वाऱ्याने डावा पंख उचलला होता आणि उजव्या दोरीने इमानेइतबारे धरून ठेवल्यामुळे सबंध विमान शेपटाची दोरी तोडून तिच्याभोवती फिरून पाठीवर आपटलं होतं. पंखाचा कणाच मोडला होता. विमान आता भंगारात जाणार हे कळायला तज्ज्ञाची गरज नव्हती. उजव्या बाजूला दोरीची गाठ अजून पक्की होती. डाव्या पंखाची दोरी तिथेच गवतात होती, धडधाकट, एक धागासुद्धा न तुटलेली. बाई खाली वाकल्या, दोरी उचलली आणि जमिनीतल्या कड्याला तिची गाठ मारली. मनात आकडे मोजत होत्या; वीसपर्यंत पोचल्या तेव्हा गाठ पुरी झाली होती. दोरीचं दुसरं टोक हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, कारण ते कशाला बांधावं असं तिथे काही उरलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कोणत्याही नमुन्यात भरून देता येईना. सोमवारी त्यांनी सातवीच्या वर्गात नदीचं वळण काढलं, नेहमीसारखं, अंदाजाने.

मंडळाच्या नोंदवहीत यंदाही एकाही सभासदाच्या हातून दोष घडल्याची नोंद नाही. दुसरं मानपत्र पहिल्याच्या शेजारी लावलंय. विमान नसल्यामुळे पुढची मानपत्रं आणखी सोपी जातील.

आता बाईंना, दंतवैद्यांना आणि त्या अध्यक्षांना आपण मनसोक्त नावं ठेवू. फक्त एवढं लक्षात असू द्या की तिसरी दोरी गवतात पडली आहे हे तुम्हाला बाईंच्याही आधी कळलं होतं. गुरुवार सकाळ होती, वारा सुटायला दीड दिवस होता, आणि 'बाकी सर्व ठीक होतं' हे वाक्य वाचून तुम्ही पुढे गेलात.