गुणाबाईंची जोखीम

टिळकवाडीतल्या मार्तंड मास्तरांना घरावर मजला चढवायचा होता. त्यासाठी मागच्या अंगणातल्या तीन भाड्याच्या खोल्या बँकेला तारण द्यायचं ठरलं. किंमत काढायला नागेंद्र नावाचे व्हॅल्युअर आले. भिंतींकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"खर्च वजा जाता वर्षाचं भाडं एक लाख वीस हजार. त्याला कॅप रेटनं, म्हणजे बाजार किमतीवर जितके टक्के परतावा मागतो त्यानं, भागायचं. रेट आठ टक्के धरला तर किंमत पंधरा लाख. पण इथं दहा धरावा लागेल. म्हणजे बारा."

"रेट चढला की किंमत उतरते?"

"जोखीम चढते, सर. जोखमीच्या भाड्याला कोण जास्त मोजेल?"

जोखीम म्हणजे मधल्या खोलीतल्या गुणाबाई. भाजी विकून बावीस वर्षं तिथं राहिलेल्या; भाडं कधी चुकलं नाही. मास्तरांनी तसं सांगताच नागेंद्र आणखी गंभीर झाले. "तेच तर. एवढी जुनी बाई उद्या खोली सोडून उठलीच नाही तर? दरवर्षी पळणारा भाडेकरू बाजाराला भरवशाचा वाटतो."

मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलेलं. रीत बरोबर असली की उत्तरावर शंका घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. ते गुणाबाईंच्या दारात गेले.

"मास्तर, भाडं थकवलं व्हय मी?"

"छे हो. तुम्ही फार नियमित आहात, हीच अडचण आहे."

"मग मधनंमधनं थकवू काय?"

मास्तरांनी क्षणभर खरंच विचार केला. पण रीतीत ते बसेना; त्यांनी खोली रिकामी करायला सांगितलं. गुणाबाई खोली धुऊन भावाकडं गुंजीला गेल्या. मास्तरांच्या पत्नी वसुधाताई दोन दिवस जेवल्या नाहीत.

नागेंद्र पुन्हा आले. "भाडं आता ऐंशी हजार. रेट दहाच. आठ लाख."

"दहाच? जोखीम तर गेली!"

"तिच्या जागी रिकाम्या खोलीची आली, सर."

मास्तरांनी गुंजी गाठली. गुणाबाईंनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यायला हरकत न्हाय. पण भाऊ म्हणतोय, तुमच्या घरात ऱ्हाण्यात लई जोखीम हाय. भाडं थोडं उतरवा."

मास्तरांनी उतरवलं. मजला राहूनच गेला.

टिळकवाडी हळहळली. बावीस वर्षांच्या बाईला असं काढतात का कुणी? हळहळून झाल्यावर जो तो आवाज खाली करून नागेंद्रांचा नंबर मागू लागला. तुम्हालाही हवा असेल तर लाजू नका. फक्त तुमचा भाडेकरू जवळपास नाही ना, तेवढं बघून घ्या.